नऊ मार्चचं पान

छापखान्यात तिला सगळे घडीताई म्हणायचे. मशीनवरून आलेला मोठा कागद ती तीन घड्यांत असा दुमडायची की सोळा पानं कोपऱ्याला कोपरा लावून बसायची. मशीनवाले काका म्हणायचे, "हिने स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा झक्क दुमडल्या असत्या, पण नवरा वेळेवर सापडला नाही!" घडीताई हसायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असल्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं?

दर नोव्हेंबरात छापखान्यात एक काम यायचं आणि ते घडीताईशिवाय कुणाच्या हाताला लागायचं नाही. तिच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, रोजच्या मननाची पुस्तिका. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. वर बायबलमधला शास्त्रभाग, खाली त्याचा अर्थ, मग कुणाच्या तरी आयुष्यातली छोटीशी गोष्ट आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. मंडळीतली झाडून सगळी घरं सकाळी तेच पान उघडायची. आणि नियम एकच, पण कडक: पुढचं पान आज वाचायचं नाही. आजची भाकरी आज, उद्याची उद्या.

आता बघा, घडीताईच्या हातून अख्खं वर्ष जायचं. तीनशे पासष्ट पानं, हजारभर प्रती. तरी अकरा वर्षांत तिने एक ओळ आगाऊ वाचली नव्हती. नजर कागदाच्या कडेवर ठेवायची आणि हात चालवायचे. पोरीबाळी चिडवायच्या, "ताई, आमच्यासाठी तरी वाचून सांगा, पुढच्या वर्षी काय वाढून ठेवलंय ते!" ती ब्र काढायची नाही.

पुस्तिका लिहायच्या मंडळीतल्याच एक बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. रोज सकाळी साडेसहाला घडीताई त्यांच्या बाहेरच्या खोलीत जायची. दोन खुर्च्या, मध्ये चहाचे दोन कप. बाई शास्त्रभाग वाचायच्या आणि दोन प्रश्न विचारायच्या. इथे काय लिहिलंय? आणि हे माझ्याबद्दल काय सांगतं? पहिल्याचं उत्तर सोपं असायचं. दुसऱ्याला घडीताई कधी रडायची, कधी गप्प बसायची. उठताना बाई न चुकता म्हणायच्या, "इथलं इथेच." त्या तीन शब्दांच्या भरवशावर तिने त्या खोलीत मन मोकळं केलं होतं. आईजवळसुद्धा केलं नव्हतं इतकं.

त्या नोव्हेंबरात एक कागद वाकडा दुमडला गेला. कधी नव्हे ते. घडी उलगडून नीट करायला म्हणून तिने कागद पसरला आणि नजर कडेवरून घसरली. 'तिच्या आईच्या डाव्या मुठीत चादरीचा कोपरा होता. तो शेवटपर्यंत सुटला नाही.'

घडीताईने पान वरपासून वाचायला घेतलं.

तारीख होती नऊ मार्च. शास्त्रभाग भावाला विकून बापाला रक्ताने माखलेला झगा दाखवणाऱ्या भावांचा. आणि खाली गोष्ट, 'एका शिवणकाम करणाऱ्या बहिणीची'. दोन वर्षं आईचं एकटीने केलं. धाकटी बहीण दुसऱ्या गावी, तिचा फक्त रविवारी फोन. शेवटच्या चार दिवसांत आई धाकटीचं नाव घेत राहिली. थोरलीने रागाच्या भरात तिला कळवलं नाही. सगळं झाल्यावर फोन केला आणि सांगितलं, अचानक झालं, झोपेतच गेली, कुणालाच हाक मारली नाही.

सगळं शब्दन् शब्द. चार वर्षांपूर्वी त्या खुर्चीत बसून, हुंदके देत सांगितलेलं. शिलाई मशीन तेवढं बाईंनी पदरचं घातलं होतं.

आणि धाकटी आता याच शहरात राहायला आली होती. दोन बसथांब्यांवर घर, त्याच मंडळीत येणारी, रोज सकाळी तेच पान उघडणारी. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. आईच्या मागे घडीताईला तेवढं एकच माणूस उरलं होतं. नऊ मार्चला सकाळी तेही जाणार, हे तिला त्या वाकड्या घडीत लख्ख दिसलं.

"काका, माझं डोकं दुखतंय," म्हणाली आणि ॲप्रनही न सोडता तडक बाईंच्या घरी गेली.

बाई लिहीत बसल्या होत्या. "अगं, या वेळेला?"

"नऊ मार्च," घडीताई म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "तू पुढचं पान वाचलंस?"

काय बाई तरी! चोरी पकडली गेली आणि वर नियम कुणी मोडला याची चौकशी! घडीताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "केसाने गळा कापलात तुम्ही माझा, बाई. इथलं इथेच म्हणत होतात ना? आता हजार घरांत आहे ते!"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? धंदासुद्धा बदललाय मी."

"मग चादरीचा कोपरा का नाही बदललात?"

बाई खरं तेच म्हणाल्या, "त्याच्यासारखं दुसरं काही मला सुचलं नाही. ते वाचून कितीजणी आपल्या बहिणीला फोन करतील, कल्पना आहे तुला? देवाच्या कामाची साक्ष आहे ती. आणि हे बघ, विचारल्याशिवाय मी काही छापत नाही."

"देवाला विचारलंत ना? मला विचारायचं होतं!" घडीताई ओरडली. "तुमच्यासाठी मी बोलले होते काय? तुमच्या पुस्तिकेला माल पुरवायला रोज येत होते काय मी?"

"ऐकून तरी घे माझं. अगं, तुझी बहीण—"

"तिचं नाव नका काढू तुमच्या तोंडातून!" म्हणून ती निघाली. बाई दारापर्यंत आल्या, काहीतरी बोलत होत्या. तिने मागे वळून पाहिलं नाही.

रस्त्याने चालताना तिला एकेक सकाळ आठवायला लागली आणि प्रत्येक सकाळ नासत गेली. मी रडत होते तेव्हा ही मनात वाक्यं जुळवत असेल. पाठीवरून हात फिरवत होती तेव्हासुद्धा. शी! अकरा वर्षं बाईंच्या तोंडून देवाचं वचन ऐकलं, आता एकटीने शास्त्र उघडलं तरी कानात यांचाच आवाज येणार. तेवढंही या बाईने माझं ठेवलं नाही.

पण नऊ मार्च काही टळत नव्हता. छापून झालेलं पान फाडणार तरी किती? हजार प्रतींतून? तेव्हा एकच रस्ता होता. धाकटीला कागदावरून कळायच्या आधी आपल्या तोंडून सांगायचं. दोन बसथांबे ती पायीच चालली.

धाकटी इस्पितळात रक्ततपासणीच्या खोलीत कामाला होती. नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती आणि दुसऱ्या दिवशीचा पांढरा कोट इस्त्री करत होती. "ये ना ताई, चहा टाकते," ती म्हणाली.

"चहा नको. आधी ऐक." आणि घडीताईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चार दिवस, आईच्या हाका, न केलेला फोन, नंतरचं खोटं. सगळं एका दमात. मग बाईंचा विश्वासघात, चादर, नऊ मार्च. सांगता सांगता तिचा आवाज पुन्हा चढला, कारण बाईंबद्दल बोलणं तिला आईबद्दल बोलण्यापेक्षा सोपं जात होतं. "कुणावर विश्वास ठेवायचा गं माणसाने?"

धाकटी इस्त्री फिरवत राहिली. बाही झाली, कॉलर झाली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाई गेल्या वर्षी आल्या होत्या. पान लिहून आणलं होतं. म्हणाल्या, तुझ्या बहिणीला विचारायचं धाडस नाही माझं, पण तुझी हरकत असेल तर छापत नाही. मी म्हटलं, छापा."

घडीताई खाली बसली. "तू सांगितलंस छापायला?"

"तुझ्या तोंडून काही ते ऐकायला मिळणार नव्हतं. मग म्हटलं, छापून तरी येऊ दे."

"म्हणजे वर्षभर तू माझ्याशी हसून बोलत होतीस? सगळं माहीत असून?"

"वर्षभर," धाकटी म्हणाली. "तू सहा वर्षं बोललीस."

घडीताई मनात दोघींनी मिळून आपल्याला फसवल्याचा हिशोब मांडत होती, तो अर्ध्यातच राहिला.

धाकटीने इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "एक विचारू? ते पानात नाहीये. आई मला हाक मारायची, तेव्हा तू तिला काय सांगायचीस?"

चार वर्षांपूर्वी त्या खोलीत सगळं सांगताना घडीताईने एवढं एकच मागे ठेवलं होतं. बाईंनाही दिलं नव्हतं, प्रार्थनेतही उच्चारलं नव्हतं. आताही ती म्हणू शकली असती की आठवत नाही. धाकटीने कदाचित मानलंही असतं.

"सांगायचे, ती निघालीय म्हणून," घडीताई म्हणाली. "वाटेत आहे, पोचेलच. रोज तेच सांगायचे. मग ती गप्प व्हायची."

धाकटी कोटावरची बटणं एकेक करून लावायला लागली. तिचे हात रोज माणसांच्या नसा अचूक शोधायचे. तिसरं बटण तिला लागेना.

"म्हणजे ती माझी वाट बघत गेली," ती म्हणाली.

"हो," घडीताई म्हणाली.