बाकावरचा पोचा

मी बाक आहे. पत्र्याचा, लांबलचक. पश्चिम टेक्सासमधल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, मैदानाकडेला सतरा वर्षं उभा आहे. चढाई करणारे मैदानात असले की माझ्यावर बचाव करणारे गडी बसतात. म्हणजे, बसायला हवेत.

कोच हॅसल आले आणि खेळ बदलला. गडी मैदानभर पांगवायचे, एक डाव संपला की खलबत न करता लगेच दुसरा. समोरच्यांना माणूस बदलायला फुरसत नाही. उत्तरार्धात त्यांचे धिप्पाड गडी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायचे आणि आमच्या पोरांना मधून वाट मिळायची. साठ-साठ गुण व्हायचे. गाव खुळावलं.

पण मला खेळ कळतो तो वजनावरून. आमचे तीन झेल सुटले की मिनिटभरात चेंडू समोरच्यांकडे. मग माझ्यावर आत्ताच टेकलेली माणसं पुन्हा उठायची.

त्यांतला रॉस्को तीनशे पौंडांचा. त्याचा धाकटा भाऊ जेवन झेल घेणारा, पळण्यात वारा. जाता जाता दादाला टपली मारायचा. "अजून बसलायस? म्हातारा झालास!"

"तू झेल घे नीट, मेल्या. तुझा एक सुटला की माझं ढुंगण बाकाला लागत नाही."

गेल्या वर्षीचा शेवटचा सामना. आम्ही तीन गुणांनी पुढे, दीड मिनिट बाकी. कोचनी पहिल्यांदाच हात दाबून 'सावकाश' अशी खूण केली. जेवननं झेल घेतला. तिथंच आडवा पडला असता तर घड्याळ चालू राहिलं असतं. अंगवळणी पडलेलं, तो धावत रेषेबाहेर गेला. घड्याळ थांबलं. चेंडू आपल्याकडे राखायला लागणारा पल्लाही थोडक्यात हुकला आणि चेंडू समोरच्यांकडे गेला. रॉस्को उठला तेव्हा पाण्याचा घोट तोंडातच होता. सहा सेकंद उरले असताना ते त्याच्याच बगलेतून घुसले. आम्ही हरलो.

रॉस्को येऊन बसला. शेजारची जागा थोपटली. "ये. बस इथं."

जेवननं हेल्मेट माझ्यावर आपटलं आणि निघून गेला. मला पोचा पडला.

डिसेंबरात गावच्या रस्त्यावर रॉस्कोची गाडी उलटली. तो गेला.

यंदा पुन्हा तसंच. दोन गुणांनी पुढे, मिनिट बाकी. जेवननं झेल घेतला. समोर मोकळं मैदान होतं. तो चेंडू पोटाशी धरून आडवा पडला. लोक ओरडले, "पळ की!" तो उठला नाही. वेळ सरत गेला. बचावाचे सगळे गडी माझ्यावर बसून राहिले, शेवटच्या शिट्टीपर्यंत.

मग जेवन आला. गडी सरकले. तो पोच्याजवळ बसला. घामानं मी ओला झालो.

मी थकलोय. मला रंग द्या, उन्हात टाका, काहीही करा. तो पोचा मात्र ठोकून सरळ करू नका.