परीक्षेची दाढी

ब्रशचा पहिला फटकारा धाकट्याच्या कानात गेला. दुसरा गालावर बसला.

"कानाला दाढी आली असेल तर तीही काढ, दादा," धाकटा फेसातून म्हणाला. बाकावरचा पोस्टमन हसला आणि त्याने पाय आत ओढून घेतले.

थोरला हसला नाही. त्याच्यासमोर आरसा, कात्र्या, भाऊ, सगळं थरथरत होतं. खरं तर नाचत होते त्याचे डोळे. आठ महिने, अखंड, विनातिकीट. आधी गिऱ्हाइकांनी दारू ठरवली. बायकोने बाटलीसाठी माळा उपसला. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शरीराची स्वतःचीच फौज चुकून मेंदूवर चालून गेलीय, असा रोग लाखांत एखाद्याला होतो.

"नशीब काढलंस," धाकटा तेव्हा म्हणाला होता.

औषधांनी डोळे जरा निवले, हातांचे झटके कमी झाले. आज धाकट्याची दाढी नीट जमली तर सलूनमधली खुर्ची परत थोरल्याची. नाहीतर कायमचं घरी. अट धाकट्याची, गालही त्याचाच. वस्तराही त्यानेच तयार करून हातात दिला होता.

हात दोनदा उडाला. एकदा थेट गळ्यापाशी. पोस्टमनने पेपर तोंडासमोर धरला. रक्त आलं नाही. फेस निघत गेला.

आवाज मात्र येईना. खुंट कापल्याची करकर थोरल्याने तीस वर्षं ऐकली होती, आणि कानांना काही रोग नव्हता. त्याने अंगठा वस्तऱ्याच्या धारेवरून फिरवला. आत पातंच नव्हतं.

त्याने उरलेला फेस काढला, तुरटी फिरवली.

"स्स! झोंबतं रे!" धाकटा कळवळला. फार छान कळवळला. टॉवेल गालांना गच्च धरून उठला. "पास! उद्यापासून खुर्ची तुझी. तू आपला डोक्याला मालिश कर, वस्तऱ्याचं मी बघेन."

थोरल्याने खणातून नवं पातं काढलं. तिसऱ्या प्रयत्नात ते वस्तऱ्यात बसलं.

"बस. सुलटा हात झाला. उलटा राहिलाय."

"राहू दे की. गुळगुळीत झालीय."

"मग घाबरतोस कशाला?"

पोस्टमनने पेपर खाली घेतला. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि बसला.

थोरल्याने त्याची हनुवटी वर केली. गळ्यावरची शीर ताडताड उडत होती. ती खरंच उडतेय की आपल्याच डोळ्यांना तसं दिसतंय, हे न कळून त्याने वस्तरा टेकवला.