वहिनीनं न घेतलेलं नाव

जवानांच्या स्मारकातल्या सगळ्या विटा दगडी आहेत, फक्त दादाची अजून मऊ आहे. बोट लावलं की दबते आणि श्वास घेतल्यासारखी परत वर येते. तिच्यावर कोरलंय : नायक सर्जेराव निकम.

"पत्नीनं नाव घेतलं की कडक होते," सुपरवायझर टेप गुंडाळत म्हणाला. "तोवर भिंत आत सरकणार. दर फेरीला चार बोटं."

स्मारक गोल आहे. भिंतीच्या आत भिंत, तिच्या आत आणखी भिंत, मधोमध ज्योत. वहिनी आणि मी सकाळपासून फिरत होतो आणि दर वेळी दादापाशीच येत होतो. पहिल्या फेरीला शाळेची सहलसुद्धा मावली होती. आता माझी दोन्ही कोपरं भिंतींना घासत होती.

मी नाव चारदा वाचून पाहिलं. विटेला काही वाटलं नाही.

"घ्या की ताई," सुपरवायझर म्हणाला.

"आमच्यात घेत नाहीत."

"लग्नात घेतलं असेल."

"उखाण्यात."

"मग उखाणा घ्या. नियमात बसतं."

सहा वर्षं वहिनीनं दादाला 'अहो'वर भागवलं. दादा म्हणायचा, एकदा नावानं हाक मार, असेन तिथून परत येतो. शेवटची रजा संपवून निघाला, तेव्हा एसटी हलल्यावर ती ओरडली, "अहो!" स्टँडवरचे सगळे पुरुष वळले. कंडक्टरही वळला. दादा वरच्या फळीवर ट्रंक सरकवत होता.

"वहिनी, घ्या. आपण चपटे होऊ."

"तुम्ही आहातच चपटे, भाऊजी. जेवता कुठं?" मग हळूच म्हणाली, "घेतलं तर हे कडक होतील."

भिंत छातीला टेकली. तेव्हा मला रचना कळली. एका नावाकडे पाठ केली की दुसऱ्याच्या समोर उभं राहावं लागतं, म्हणून गोल.

वहिनीनं पदर डोक्यावर घेतला, गाल विटेला लावला.

"गोल गोल भिंतीतून पाय माझा सुटेना…"

दबलेली वीट दबलेलीच राहिली. ज्योत हलायची थांबली. सुपरवायझरनं टोपी काढली. आता फक्त नाव यायचं होतं.

"अहो," वहिनी म्हणाली.

स्मारकातल्या सगळ्या विटा आमच्याकडे वळल्या. दादाची सोडून.