आंदणाबाहेरचं

दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात, मुलाचं, कौस्तुभचं, लग्न झाल्यावर, गोडदेवची जागा सोडून पेणकरपाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. खोक्यांवर नावं घालायचं काम काशीनाथरावांनी आपणहून अंगावर घेतलं. विमा कंपनीत चौतीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस, खोक्यावर 'भांडी' लिहील तर शपथ! 'किचन', 'बुक्स', 'बेडिंग' अशी जाड मार्करने नावं पडत गेली. बायकोच्या, शैलाताईंच्या, जुन्या पत्र्याच्या पेटीपाशी मात्र ते जरा थांबले आणि एक लांबलचक शब्द लिहिला.

"हे काय लिहिलंत?"

"पॅराफर्नेलिया."

"म्हणजे?"

"सटरफटर गं. असलं तर असलं, नसलं तर नसलं. नव्या घरात माळा नाहीये. रविवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

शैलाताईंनी पेटीचं झाकण उघडून पाहिलं. पेटीत त्यांच्या आईची हलव्याची पसरट परात होती, जरीच्या रिळांचा डबा होता आणि पुठ्ठ्यातून कापलेले दागिन्यांचे नमुने होते. संक्रांत आली की आई गिरगावातल्या नव्या सुनांना, पहिल्या बाळांना हलव्याचे दागिने करून द्यायची. लग्नात ठरलेलं आंदण दिल्यावर ही पेटी तिने निघताना वेगळी बरोबर दिली होती. सासरी हलव्यासाठी एकदाच शेगडी पेटली. सासूबाईंना धुराने खोकला झाला आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

'सटरफटर' हा शब्द मात्र मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाल्या त्या पेटीवरची अक्षरं चिठ्ठीवर उतरवून घेऊनच. जवळच्या वाचनालयात आत्माराम म्हणून म्हातारे ग्रंथपाल होते. त्यांनी उशीएवढा शब्दकोश टेबलावर ठेवला आणि बोट फिरवत वाचलं.

"सामानसुमान, सरंजाम, असा अर्थ आहे काकू. पण मूळ ग्रीक दिसतंय. 'पॅरा' म्हणजे पलीकडचं. 'फेर्ने' म्हणजे मुलीबरोबर द्यायचा हुंडा."

"हुंड्याच्या पलीकडचं?"

"हो. त्याव्यतिरिक्त ती स्वतःचं म्हणून जे नेई, ते. त्यावर नवऱ्याचा हक्क नसे. आपल्याकडे स्त्रीधन म्हणतात ना, तसंच काहीसं. पुढे अर्थ झिजत झिजत किरकोळ वस्तूंवर आला."

शैलाताई चिठ्ठीची घडी करून घराकडे निघाल्या. राग वगैरे काही आला नाही. पेटी टांग्यात चढवताना आईने झाकणावर ठेवलेला हात तेवढा आठवत राहिला.

रविवारी भंगारवाला आला. "चाचाजी, ये पेटी भी?"

"हां, ले जाओ," काशीनाथराव म्हणाले.

"नहीं भैया," शैलाताई पुढे झाल्या. "वो मेरा है."

तो गेल्यावर त्यांनी शब्दाचा सगळा अर्थ नवऱ्याला सांगितला. आवाज न चढवता, मुलाला गोष्ट सांगावी तसा. काशीनाथराव ऐकत राहिले.

"चौतीस वर्षं लिहितोय मी हा शब्द," ते म्हणाले. "कधी उघडून बघितला नाही." मग पेटीकडे बघत, "पण तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मला वाटायचं, जागा तुमची आहे."

 टेम्पोत सामान चढलं तेव्हा काशीनाथराव पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

जानेवारीत समिधाची, नव्या सुनेची, पहिली संक्रांत होती. तीन दिवस पहाटेच्या गारव्यात शैलाताईंनी मंद गॅसवर परात ठेवली. काशीनाथराव चमच्याने पाक सोडत, त्या बोटांनी तीळ हलवत. पहिल्या दिवशी हलवा गुळगुळीतच राहिला. शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात विसरला हो माझा."

"मीच पाक जास्त घातला," ते म्हणाले. "उद्या थेंब थेंब घालतो."

तिसऱ्या पहाटे दाण्यादाण्यावर काटा फुलला.

काळी चंद्रकळा नेसून समिधा पाटावर बसली. गळ्यात हार, कपाळावर बिंदी, आणि मनगटात एक वाकडीतिकडी बांगडी, सासऱ्यांनी स्वतः ओवलेली.

"ती राहू दे गं, बरी नाही दिसत," काशीनाथराव ओशाळून म्हणाले.

"नाही बाबा, हीच आधी घातलीय," समिधा म्हणाली आणि हात शैलाताईंच्या पुढे केला. "आई, पुढच्या वर्षी मला शिकवाल?"

"पुढच्या वर्षी कशाला?" शैलाताई म्हणाल्या. "उद्या पहाटे ऊठ."