गाडी तापतेय तोवर

मी नीलेशची मोटरसायकल बोलतेय, आणि गार आहे तोवरच बोलून घेते. एकदा सुरू झाले की मी नुसती धडधडते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे सगळ्याच माझ्यासारख्या होत्या, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझा मान वाढला तो हिंगणघाटला आल्यावर. प्रभाकररावांचं बाजारात किराण्याचं दुकान. मुलगा नीलेश दुकानात बसू लागला तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. त्याच्या आईने, वच्छलाबाईंनी, माझ्या हँडलला हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. त्या घरात कुठल्या माणसाचं एवढं कौतुक झालेलं मी पुढे पाहिलं नाही.

नीलेशची माझ्यावर फार माया. इंजिन तापल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. थंडीत ते ठीक. पण आमच्याकडच्या मे महिन्यात, माझ्या टाकीवर पापड भाजून निघेल अशा उन्हातही हा गृहस्थ किक मारून, कमरेवर हात ठेवून माझ्या तापण्याची वाट बघत उभा राहायचा. दुकान तर चार गल्ल्यांपलीकडे. मी पुरती तापेपर्यंत माणूस चालत पोचला असता. पण मला बरं वाटायचं. एवढी काळजी कोण कुणाची करतं?

मग प्रेरणा सून होऊन आली. लॅबमध्ये रक्त तपासायचं काम ती शिकून आली होती. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी चार शब्द बोलायची त्या घरात सोय नव्हती. म्हणून सकाळी मी तापत असताना ती डबा द्यायच्या निमित्ताने अंगणात यायची आणि माझ्या धडधडीत त्याच्याशी बोलून घ्यायची. ओट्यावर पेपर वाचणाऱ्या प्रभाकररावांना वाटायचं, गाडी तापतेय. ती तापतही होतीच म्हणा.

प्रेरणाचं सांगणं एकच असे. बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये काम मिळतंय, बाबांना विचारा. नीलेश मान डोलवायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, गाडीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा मग तो सांगू लागला की विचारलं, पण बाबा नाही म्हणतात.

दिवसभर दुकानासमोर मीच उभी असते. तिथे बापलेकांचं बोलणं साखरेच्या पोत्यांपलीकडे कधी गेलं नाही. मला प्रेरणाचं वाईट वाटायचं. पण नीलेश मला दर रविवारी शाम्पूने धुतो. त्याच्याविषयी वाईट कसं बोलणार?

यंदाच्या थंडीत लॅबवाल्या डॉक्टरांनी निरोप पाठवला की उद्या आलीस तर ठीक, नाहीतर जागा दुसरीला देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा डबा न घेताच बाहेर आली. ती बोलू लागली तसा नीलेशने हँडलवरचा माझा कान आणखी पिळला आणि मी जोरात गुरगुरले. तिने शांतपणे हात पुढे केला आणि माझी चावी फिरवली.

एवढी शांतता त्या अंगणाला सकाळी माहीतच नव्हती. समोरच्या घराच्या ओट्यावर दात घासत बसलेले शेजारी बंडूजीही घासायचे थांबले.

"आज शेवटचा दिवस हाय," प्रेरणा नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "बाबा काऊन नाई म्हणते, तेवढं तरी सांगा."

प्रभाकररावांनी पेपर खाली केला. "मी कवा नाई म्हटलं? मले तं कोणी विचारलंच नाई."

नीलेश माझ्या मीटरकडे बघत राहिला. "मले वाटलं, तुम्ही नाईच म्हणसान."

"म्हटलंच असतं," प्रभाकरराव म्हणाले. "पण विचारलं तं असतं."

"मंग आता मी विचारून राह्यली, बाबा."

प्रभाकररावांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींनी ब्रश तोंडातच धरला होता. शेजारच्या खिडक्यांमधूनही कुणी कुणी डोकावत होतं. एवढ्या लोकांदेखत सुनेला नाही म्हणायला वेगळी छाती लागते, आणि ते किराण्याचे व्यापारी. "जाय बेटा," ते म्हणाले. आतून वच्छलाबाई नीलेशसाठी भरलेला डबा घेऊन आल्या आणि तो त्यांनी सुनेच्या हातात ठेवला.

नीलेशने घाईघाईने किक मारली. "थांब, तुले लॅबपर्यंत सोडून देतो. जराशी तापू दे," तो म्हणाला. प्रेरणाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती फाटक उघडून चालत निघाली. मी पुरती तापले तेव्हा ती बसस्टँडला पोचलीही असेल.

आता ती रोज जाते, पायीच. नीलेश अजूनही मला तापवतो. हल्ली त्या वेळी अंगणात आम्ही दोघंच असतो आणि त्याला माझ्याशी बोलायला काही सुचत नाही.

मी म्हातारी होत चालले, माझं काय. पण तुमच्या अंगणात सकाळी एखादी गाडी जागच्या जागी गुरगुरत असेल, तर तिच्याजवळ कोण उभं आहे ते एकदा बघा, आणि चावी फिरवा. इंजिनाला त्याने काही होत नाही.