टाकीतली ज्वारी

पौष संपायच्या आतच टाकीतली ज्वारी बिरूकाकांना प्यायला लागली. ही नोंद मी स्वतः केली आहे आणि माझ्या नोंदी चुकत नाहीत.

आमचं कोरडवाहू पिकांचं केंद्र काळ्या रानात आहे. तिथे जमिनीत एक लोखंडी टाकी पुरलेली आहे. टाकीत माती, मातीत ज्वारी, बुडाशी वजनकाटा. रोज सकाळी साडेसातला मी वजन लिहिते. कालच्यापेक्षा जेवढं कमी, तेवढं पाणी पिकानं आणि उन्हानं मिळून संपवलं, एवढं साधं काम. सतरा वर्षांत पाऊस नसताना वजन कधी वाढलं नव्हतं.

या वर्षी थंडी पडलीच नाही. जानेवारीत चैत्राचं ऊन, दवाचा पत्ता नाही, जमिनीच्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाई. बाहेरची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. टाकीतली माझ्या डोक्यावर गेली आणि टाकीचं वजन रोज दोन किलोनं वाढू लागलं.

मी साहेबांना फोन केला.

"काटा बिघडला असेल," साहेब म्हणाले.

"नाही बिघडला."

"मग बाई, तुम्ही दोन दिवस रजा घ्या."

मला राग आला. रजा घेतली तर नोंद कोण करणार?

बिरूकाका आमचे राखणदार. टाकीशेजारच्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायचे. त्यांचा सदरा खांद्यावरून घसरताना दिसला, तेव्हा मी त्यांना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस किलो. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. मी दोन्ही आकडे टाकीच्या आकड्यांशेजारी लिहिले.

"काका, खाली उतरा. घरी जा."

"आन् पाखरं कोन राखील?"

"ज्वारी तुम्हाला पितेय."

"ठाव हाय की," ते म्हणाले. "तहान लागलीया तिला. हितं दुसरं हाय काय प्यायला?"

मी विळा आणला. काकांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात वाळवणातल्या पापडासारखा कोरडा होता.

"दान्यात चीक भरलेलं पीक कुनी कापतं का, बाई?"

मी विळा परत फळीवर ठेवला. काकांच्या शब्दासाठी ठेवला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला उद्याचा आकडा बघायचा होता. याची मला लाज वाटते.

पुढे वारा सुटला की काका माळ्यावरून उचलले जायचे, म्हणून त्यांनी गोफणीच्या दोरीनं स्वतःला मेढीच्या खांबाला बांधून घेतलं. वर बसून ते मला हात करायचे आणि मी खालून आकडा ओरडून सांगायची. पहिल्या वजनानंतर बाविसाव्या दिवशी माळ्यावर त्यांची दोरी होती, घडी केलेला सदरा होता. टाकीचं वजन त्या दिवसापासून वाढायचं थांबलं. कणसं टच्च भरली होती.

टाकीतलं धान्य राखणदाराच्या घरी द्यायचं, ही केंद्राची जुनी रीत. मी पोतं घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, म्हाळसाकाकूंनी, ते उतरवून घेतलं. दळून आणलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला, नेहमी फिरवतात तसा. भाकरीनं ते पाणी पिऊन टाकलं. काकूंनी पुन्हा हात फिरवला. पुन्हा फिरवला. घागर रिकामी झाली.

"रानातनं आल्यावर असंच करायचे," काकू म्हणाल्या. "तांब्या तोंडापासनं काढायचेच न्हाईत."

भाकरी तव्यावर पांढरीफटक पडली होती आणि कडेनं चिरत चालली होती. काकूंनी घागर उपडी करून ठेवली. मग त्या चुलीपासून जरा सरकल्या आणि त्यांनी मला जागा करून दिली.

"बाई, तुमचा हात द्या."

मी बांगड्या मागे सारल्या.