दोनदा गाळायची माती

खळगा वाटाण्याएवढा होता. पेल्याच्या कानाच्या खालच्या टोकापासून बोटभर अंतरावर झिलईचा टवका उडाला होता. त्याच्या कडा धारदार होत्या, आणि खळग्याच्या बरोबर तळाशी एक पांढरा ठिपका बसला होता. अक्काने त्यावर नख टेकवलं. ठिपक्याची भुकटी झाली आणि नखाला चिकटली.

तिने नख पदराला पुसलं आणि पेला होता तसा ठेवून दिला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. या ठिपक्याची वाट ती भट्टी उघडल्यापासून बघत होती.

गेले काही दिवस आभाळ भरून राहिलं होतं, पण थेंब पडत नव्हता. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं. अशी हवा पडली की काय होणार ते अक्काला ठाऊक होतं. तिच्या भावाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो अंगणात उभा राहून ओरडत होता.

"बाई, तुमच्याकडे भांडी मशीनमध्ये धुतात. हा त्या मशीनचा दोष!"

"मशीन नाहीच माझ्याकडे," कॉफीवाली बाई म्हणाली. "मी हातानं धुते."

"तर साबणाचा असेल."

"जे एकदाही वापरले नाहीत तेही फुटलेत. कपाटात ठेवल्या ठेवल्या टक-टक वाजतात. मला आधी वाटलं, उंदीर झाले."

भावजयीला हसू फुटलं. नवऱ्याने वळून पाहिलं तशी ती पदर तोंडात धरून भट्टीकडे बघायला लागली.

कॉफीवाल्या बाईने गाडीतून खोकी उतरवली होती. तिचं शहरात एका गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान होतं. तिच्या ओळखीनेच तिच्यासारख्या आणखी काही दुकानांची कामं या अंगणात आली होती. कुणाला रुंद तोंडाचा पेला हवा, कुणाला मोठ्या कानाचा, कुणाला राखेच्या रंगाचा. ज्याला हवा तसा, हाताने घडवलेला. घरात या पेल्यांना सगळे 'कानवाले' म्हणत. आता ते सगळे कानवाले देवी आल्यासारखे खळगे घेऊन अंगणात परत आले होते.

पहिला कानवाला अक्काने भावासाठीच केला होता.

तेव्हा भाऊ टेंपो चालवायचा. गावातली माणसं त्याला टेंपोशेठ म्हणायची ती तेव्हापासून. बाप गेलेला, माठ-घागरींना गिऱ्हाईक उरलेलं नाही, आणि भट्टीत कोंबड्या अंडी घालायला लागलेल्या. टेंपोत चहा सांडतो म्हणून भाऊ सारखा कुरकुर करायचा. अक्काने त्याच्यासाठी बूड जड आणि तोंड निमुळतं असा पेला घडवला, त्याला कान लावला, आणि कानाच्या माथ्यावर अंगठा टेकायला खोलगट जागा ठेवली. भाऊ कॉफीच्या बियांची पोती पोचवायला तिच्या दुकानात गेलेला असताना या बाईने तो पेला त्याच्या हातात पाहिला. हातात घेऊन अंगठा त्या जागी टेकवला आणि विचारलं, "कुणी केला हो हा?"

"मीच," टेंपोशेठ म्हणाला.

एवढ्या एका शब्दावर सगळं उभं राहिलं. टेंपो सुटला, भट्टी पुन्हा पेटली. भावाने स्वतःच्या नावाचा शिक्का करवून घेतला आणि प्रत्येक पेल्याच्या बुडाला तो उठवायला लागला. चाकावर अक्का, मळायला अक्का, कान लावायला अक्का. शिक्का मारायला तेवढा शेठ.

"आयत्या बिळावर नागोबा," शेजारणी म्हणायच्या. "अक्का, तू वेगळी का होत नाहीस गं? लग्न केलं नाहीस, पोरंबाळं नाहीत, कुणाची भीड आहे तुला?"

भीड आईची होती. बाप गेला तेव्हा आईने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मी आहे तोवर ही भट्टी फोडायची नाही." भाऊ लगेच हो म्हणाला होता. अक्का गप्प राहिली होती, आणि गप्प राहणाऱ्याचंच वचन पक्कं धरलं जातं. वेगळं व्हायचं हे वाक्य ती दर वर्षी पावसाळा संपता संपता ओठांवर आणायची, आणि आईची पाठ वाकलेली दिसली की गिळायची.

तरी तेही चाललं असतं. चाललं नाही ते त्या एका दिवसामुळे.

शहरातून दुकानवाली मंडळी पेले कसे होतात ते बघायला आली होती. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, बाह्या दुमडून चाकावर बसला. चाकावर अक्कानेच उभा केलेला पेला होता. भावाने हात ओले केले आणि पेल्याच्या बाजूला नुसते धरून ठेवले. लोकांनी फोटो काढले. अक्का मागे मातीच्या ढिगाशी उभी होती, कोपरापर्यंत बरबटलेली. कॉफीवाल्या बाईचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"आणि त्या कोण?"

"त्या? त्या हाताखालच्या," भाऊ मान न वळवता म्हणाला. "माती मळायला लागतं ना कुणीतरी."

बाईने मान हलवली आणि दुसरं काही विचारायला लागली. दारात बसलेल्या आईने ऐकलं. तिने निवडायला घेतलेलं सूप खाली ठेवलं आणि पुन्हा मांडीवर घेतलं.

त्या रागाचा अक्काने आरडाओरडा केला नाही. तिने तो ओल्या मातीसारखा फडक्यात गुंडाळून ठेवला, वाळू दिला नाही.

संधी भावानेच आणून दिली. कॉफीवाल्या बाईसकट सगळ्या दुकानांची मागणी एकदम आली आणि त्याची घाई सुरू झाली. बाप लांबच्या तळ्यातली माती आणायचा. भावाने कालव्याच्या खोदकामातून निघालेली माती टेंपो भरभरून अंगणात ओतली. माती चांगली चिकट होती, पण तिच्यात पांढरे खडे होते. चुनखडीचे. अक्काने ढिगात हात घातला आणि तिला लगेच कळलं.

बापाचा नियम होता. माती आधी चाळायची, नंतर पाण्यात पातळ करून कापडातून दोनदा गाळायची. "एकदा डोळ्यासाठी, एकदा काळासाठी," तो म्हणायचा. चुनखडीचा खडा भट्टीत फुटत नाही, तिथे तो नुसता भाजतो. भाजलेला खडा तहानलेला असतो. भांडं बाहेर आल्यावर तो हवेतलं पाणी गुपचूप पीत राहतो, फुगत जातो, आणि एक दिवस वरची झिलई उडवून डोकं बाहेर काढतो. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. भट्टी उघडताना सगळा माल आरशासारखा दिसतो.

"ही माती गाळायला दिवस लागतील," तेव्हा अक्का म्हणाली होती.

"गाळायबिळायचं काही नाही. एकदा चाळली की बास. बाबांचे सोपस्कार बाबांबरोबर गेले."

"पी हळद अन् हो गोरी," आई दारातून पुटपुटली.

"आई, तू मध्ये बोलू नको. अक्का, मी सांगतो तसं करायचं. मालक कोण आहे इथं?"

खडा काय करतो हे एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य अक्काच्या जिभेवर तयार होतं. तिने ते दातांमागे धरलं आणि आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे गाळायची नाही?"

"नाही!"

"आई, ऐकलंस ना? गाळायची नाही म्हणतोय. तूही ऐकलंस ना गं?"

भावजयीने मान डोलावली. अक्का म्हणाली, "बरं." इतक्या गोडीने ती बरं कधी म्हणाली नव्हती. भावाला वाटलं, बाई सुधारली.

सूड घेणं इतकं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. काही करायचंच नव्हतं, सांगितलं तेवढं ऐकायचं होतं. पण चाकावर बसल्यावर एक अडचण निघाली, आणि ती तिच्या स्वतःच्या हातांची. चाक फिरायला लागलं, माती वर चढायला लागली, आणि बोटांना खडा लागला. जन्मभराच्या सवयीने बोटांनी तो आपसूक टिपून बाहेर काढला. अक्का चाक थांबवून त्या खड्याकडे बघत राहिली. मसुरीएवढा, पांढराशुभ्र, निरागस.

त्या क्षणापर्यंत जे झालं ते भावाच्या हुकमाने झालं होतं. तिने खडा पेल्याच्या भिंतीत परत दाबला, वरून ओलं बोट फिरवून जागा बुजवली, आणि चाकाला पुन्हा गती दिली. हे कुणी सांगितलं नव्हतं. हे तिचं होतं. त्यानंतर बोटांनी जो जो खडा काढला तो तो तिने परत ठेवला, आणि प्रत्येक वेळी पोटात काहीतरी थंडगार, गोड असं उतरत गेलं. कोपऱ्यात आई सूप घेऊन बसली होती. आईची नजर सुपात होती असं अक्काला वाटलं होतं.

आता अंगणात कॉफीवाली बाई थकून खोक्यावर बसली होती.

"एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडात कपची गेली," ती म्हणाली. "थुंकली त्यांनी, म्हणून वाचले. बाकीच्या दुकानांतही तेच. सगळे मला विचारतायत, कारण तुमचं नाव मी सांगितलं होतं."

"बाई, असं तोडू नका. सगळा माल बदलून देतो!" भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला. "नवा माल, पहिल्यासारखा. अक्का बसली ना चाकावर, की बघता बघता..." तो थांबला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

"अक्का का?" बाईने विचारलं. "पेले तुम्ही करता ना?"

"करतो की! म्हणजे... हाताखाली..." तो घाम पुसत उठला आणि एकदम अक्कावर घसरला. "हिनंच केलंय हे! मुद्दाम! हिच्या पोटात पहिल्यापासून दुखतंय!"

"अहो, पण गाळू नका असं तुम्हीच म्हणाला होतात," भावजय हळूच म्हणाली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला चार माणसांत तिने पहिल्यांदाच खोटं पाडलं होतं, आणि बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली.

"तू गप!"

"तिला कशाला गप करतोस? मीही ऐकलंय," आई म्हणाली. ती दारातून उठून, भिंतीला धरत अंगणात आली होती. "आण तो पेला इकडं."

तिने पेला उजेडाकडे धरला. सुरकुतलेलं बोट खळग्यात फिरवलं. ती कुंभाराची लेक आणि कुंभाराची बायको होती, तिच्या बोटांना सांगायला लागत नव्हतं.

"बारीक खडा असता तर मी म्हटलं असतं, निसटला," आई म्हणाली. "हा मोठा आहे. फिरत्या चाकावर आंधळ्याच्याही बोटाला लागेल."

ढगांखाली हवा जड होऊन बसली होती. खोक्यातला एक पेला टक्कन वाजला.

"म्हणजे?" भावाने विचारलं.

आई अक्काकडे बघत होती. तेव्हा ती नजर सुपात नव्हतीच, हे अक्काला आता कळलं. म्हातारीने सगळं पाहिलं होतं आणि इतके दिवस पोटात ठेवलं होतं. आताही अक्काने मान खाली घातली असती तर आई पुढे काही बोलली नसती. हुकूम भावाचा, दोष भावाचा. झाकली मूठ तशीच राहिली असती.

पण अक्काला मूठ झाकायची नव्हती. भाऊ बुडाला हे पुरेसं नव्हतं. कुणी बुडवला हे त्याला कळायला हवं होतं.

"लागला होता," ती म्हणाली. "काढलाही होता. परत ठेवला."

भावाचं तोंड उघडं राहिलं.

"हाताखालच्या बाईनं ठेवला. बुडावरचा शिक्का तुझा आहे, तो तुलाच राहू दे. आतला खडा माझा."

"माझं काय चुकलं होतं?" कॉफीवाल्या बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून तो अक्काला लागला. बाईने खोक्यातला दुसरा एक पेला हातात घेतला होता, आणि तिचा अंगठा कानावरच्या त्या खोलगट जागी टेकलेला होता.

"तुमचं काही नाही. तुम्ही विचारलं होतंत, त्या कोण म्हणून. त्या दिवशी तेवढं मलाच विचारलं असतं तर बरं झालं असतं."

बाईने हातातला पेला उलटा करून बुडावरचं नाव वाचलं आणि पेला खाली ठेवला.

"अक्का," भाऊ एकदम मऊ आवाजात म्हणाला. टेंपोच्या दिवसांनंतर हा आवाज तिने ऐकला नव्हता. "अगं, झालं ते झालं. मी गाळतो माती, दोनदा गाळतो, तू म्हणशील तितक्यांदा गाळतो. तू फक्त चाकावर बस. तुझ्याशिवाय हे कसं व्हायचं?"

हे वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. ऐकून झाल्यावर तिला कळलं की ते मिळालं तरी पोट भरत नाही.

ती चाकाजवळ गेली. बापाने तिच्याच उंचीला बसेल असं ते करून घेतलं होतं, भावाचे गुडघे त्याला नेहमी अडायचे. तिने वाकून दोन्ही हात चाकाखाली घातले आणि ते खुंटीवरून उचललं.

आईच्या लक्षात आलं. "अगं, मी आहे अजून. मेले नाही मी."

अक्का चाक छातीशी धरून सरळ उभी राहिली.

"शंभर वर्षं जग, आई," ती म्हणाली. "मी वेगळी होतेय."